इंग्रजीतील हटवादाची विशेषणे : शब्द आणि वक्ता

पदव्युत्तर वर्गात इंग्रजी कादंबरीचे किंवा नाटकाचे वाचन चालू असता एक अनुभव वारंवार येतो. ‘ऑब्स्टिनेट’, ‘स्टबर्न’, ‘हेडस्ट्राँग’, ‘विलफुल’, ‘पिग-हेडेड’ यांपैकी कोणताही शब्द आला, तरी मराठी विद्यार्थ्याच्या वहीत त्यापुढे एकच शब्द पडतो : हट्टी. त्याचप्रमाणे ‘फ्रँक’, ‘कॅन्डिड’, ‘ब्लंट’, ‘आउटस्पोकन’ हे सारे शब्द ‘स्पष्टवक्ता’ या एका पदाखाली येऊन विसावतात. यात दोष विद्यार्थ्याचा फारसा नाही. कोश हे शब्द परस्परांच्या साहाय्यानेच उलगडून दाखवितात. ‘स्टबर्न’ कळावयाचे तर ‘ऑब्स्टिनेट’कडे जावे आणि ‘ऑब्स्टिनेट’ कळावयाचे तर पुन्हा ‘स्टबर्न’कडे यावे, अशी ही फेरी असते. फार तर तीव्रतेची एक चढण दाखविली जाते. म्हणजे हा शब्द जरा सौम्य, तो अधिक कडक, एवढेच. परंतु हे शब्द एकाच शिडीच्या पायऱ्या आहेत ही समजूतच तपासून पाहण्याजोगी आहे. स्वभावाचे मोजमाप करणे हे त्यांचे काम नव्हेच. बोलणारा ज्याच्याविषयी बोलतो त्याच्याकडे तो कोठून पाहत आहे, वरून, खालून की बरोबरीने, हे सांगणे हे त्यांचे खरे काम आहे.

१९४८ साली बी. बी. सी.च्या ‘ब्रेन्स ट्रस्ट’ या नभोवाणी-कार्यक्रमात बर्ट्रंड रसेल यांनी क्रियापद चालविण्याच्या पद्धतीची थट्टा करीत एक स्वभावविशेष तीन पुरुषांत चालवून दाखविला. प्रथमपुरुषी माणूस ‘फर्म’ असतो, द्वितीयपुरुषी ‘ऑब्स्टिनेट’ ठरतो आणि जो समोर नाही असा तृतीयपुरुषी इसम ‘पिग-हेडेड’ मूर्ख होतो. या विनोदाची पुढे इतकी पुनरावृत्ती झाली की त्यातील विचाराकडे कोणी फारसे वळून पाहिले नाही. रसेल यांचा रोख मनुष्याच्या आत्मपक्षपातावर होता, आणि तेवढ्यापुरता तो अचूकही होता. वाङ्मयाच्या अभ्यासकाला मात्र तेथे थांबून चालणार नाही. कारण हे तीन पुरुष म्हणजे नुसते मी, तू आणि तो नव्हेत. राजा आणि सरदार, पती आणि पत्नी, धर्मपीठ आणि पाखंडी, थोर घराण्यातील स्त्री आणि सामान्य गृहस्थाची मुलगी, अशी त्यांची रूपे इंग्रजी वाङ्मयात आढळतात. आणि त्या त्या नात्यातील सत्तेचा कल जिकडे असेल तिकडे शब्दाचा अर्थही झुकतो.

रॉजे याच्या १८५२ सालच्या ‘थिसॉरस’ची मांडणी या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. इच्छाशक्तीच्या विभागात त्याने निश्चय आणि हटवाद यांना दोन स्वतंत्र घरे दिली व प्रत्येकासमोर त्याचा विरोधी भाव ठेवला. निश्चयासमोर अनिश्चय आला हे सरळच आहे : एक गुण, दुसरा दोष. परंतु हटवादासमोर जो भाव आला तो मतबदलूपणाचा, पक्ष सोडून जाण्याचा. म्हणजे तेथे दोन्ही बाजूंना दोषच उभे राहिले. योग्य कारण दिसताच आपले मत प्रामाणिकपणे बदलणाऱ्या माणसाला या जोड्यांत कोठे बसवावे, असा प्रश्न पडतो. ॲरिस्टॉटलला या माणसाची आठवण होती. नीतिशास्त्रावरील आपल्या ग्रंथाच्या सातव्या भागात हटवादी माणसांचा विचार करताना त्याने सोफोक्लीजच्या नाटकातील निऑप्टोलेमसचा दाखला घेतला आणि ठरलेल्या बेतावर न टिकल्याबद्दल त्याची प्रशंसा केली. इंग्रजी शब्दसंग्रहातील ही उणीव पुढे जेन ऑस्टेनच्या विवेचनात पुन्हा उपस्थित होईल.

‘ऑब्स्टिनेट’ हा शब्द लॅटिनमधून आला. एखाद्या गोष्टीच्या आड ठाम उभे राहणे ही त्यातील मूळ कल्पना आहे. पण नुसत्या व्युत्पत्तीपेक्षा त्याचा धर्मपीठांतील वावर अधिक बोलका आहे. ख्रिस्ती धर्मशास्त्राप्रमाणे चुकीचे मत बाळगणे एवढ्याने कोणी पाखंडी ठरत नसे. चूक दाखवून दिल्यावरही त्या मताला चिकटून राहणे हे पाखंडाचे लक्षण होते. अर्थात चूक कोणती हे ठरविण्याचा अधिकार ज्याचा, त्याच्याच हाती हे विशेषण असे. १४०१ साली इंग्लंडात पाखंड्यांना जाळण्याचा कायदा झाला. त्या काळात ‘आरोपी ऑब्स्टिनेट आहे’ हे वाक्य केवळ स्वभाववर्णन म्हणून कोणी उच्चारीत नव्हते. त्यामागे चिता होती. शब्दाची ती धग आज निवाली आहे, तथापि वरिष्ठाने कनिष्ठाला उद्देशून वापरावयाचा शब्द ही त्याची ठेवण अद्याप गेलेली नाही.

‘स्टबर्न’ची व्युत्पत्ती संशयित आहे. त्याचा संबंध झाडाच्या बुंध्याशी जोडण्याची जुनी रीत मोहक असली तरी तिला पुरेसा आधार नाही. या शब्दाचे सोयरीक-संबंध जनावरांशी आहेत हे मात्र उघड आहे. खेचरासारखा हट्टी, डुकराच्या डोक्याचा, बैलाच्या डोक्याचा असे वाक्प्रचार इंग्रजीत रूढ आहेत, आणि टाचा जमिनीत रोवून उभे राहणे या वाक्प्रचारातही दोर ताणणाऱ्या मालकाला न जुमानणारे जनावरच डोळ्यांसमोर येते. ‘रिकॅल्सिट्रंट’ या भारदस्त लॅटिन शब्दाचाही मूळ अर्थ टाचेने लाथ मारणारा एवढाच आहे. मराठीतील ‘अडेलतट्टू’ याच कुळातला. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे : हे सारे प्राणी पाळीव आहेत. ओझे वाहणे किंवा हाकलले जाणे हा त्यांचा ठरलेला धर्म, आणि त्याला नकार देणे हा त्यांचा हट्ट. वाघ हट्टी आहे असे कोणी म्हणत नाही, कारण वाघाकडून आज्ञापालनाची अपेक्षाच नसते. म्हणूनच चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’मधील बाथ गावच्या स्त्रीचे आत्मनिवेदन विलक्षण वाटते. पाच नवरे केलेली ही स्त्री ‘स्टबर्न’ हा शब्द स्वतःला लावून घेते आणि उपमा घेते ती सिंहिणीची. खेचराचे दावे तोडून तिने तो शब्द रानात नेऊन सोडला, असे म्हणता येईल. जो शब्द तृतीयपुरुषाचा म्हणून तिला चिकटविला जात होता तो तिने प्रथमपुरुषात ओढून घेतला. चौदाव्या शतकाच्या अखेरीस घडलेली ही गोष्ट पुढील सहाशे वर्षांत इंग्रजीत पुन्हा पुन्हा घडताना दिसते.

हटवादाच्या शब्दांकडून स्पष्टोक्तीच्या शब्दांकडे वळले की प्रथम दृष्टी वेगळ्याच हवेत आल्यासारखे वाटते, कारण येथे बरेचसे शब्द प्रशंसेचे आहेत. पण त्यांचाही पूर्वेतिहास अधिकाराचाच आहे. ‘फ्रँक’ हे एका जमातीचे नाव. गॉल प्रांत जिंकणाऱ्या फ्रँक लोकांखेरीज तेथे पूर्ण स्वातंत्र्य कोणालाच नव्हते, म्हणून ‘फ्रँक’ म्हणजे स्वतंत्र, आणि स्वतंत्र माणसासारखे मोकळे बोलणारा तो ‘फ्रँक’ असा अर्थाचा प्रवास झाला. मनमोकळेपणाला आधी जेत्याचा जन्म असावा लागतो, हे त्या शब्दाच्या पोटात दडलेले आहे. ‘कॅन्डिड’चा मूळ अर्थ शुभ्र. अठराव्या शतकात या शब्दाने दुसऱ्याविषयी अनुकूल ग्रह करणारी, दोषांपेक्षा गुण पाहणारी वृत्ती सूचित होई. ‘प्राइड अँड प्रेजुडिस’मध्ये एलिझाबेथ आपल्या बहिणीच्या ‘कॅन्डर’विषयी बोलते तेव्हा तिला हाच अर्थ अभिप्रेत असतो, आजचा अर्थ घेऊन तो संवाद वाचणारा विद्यार्थी जेनला फटकळ समजेल आणि तिच्या व्यक्तिरेखेचा पार विपर्यास करील. शेरिडनच्या १७७७ सालच्या ‘स्कूल फॉर स्कँडल’मध्ये मिसेस कॅन्डर नावाचे एक पात्र आहे. ती सर्वांविषयी चांगलेच बोलावयाचे असे म्हणत म्हणत सर्वांची बदनामी करते. शब्दाचा अर्थ कोणत्या वाटेने घसरत होता याची चुणूक त्या नावातच मिळते.

‘आउटस्पोकन’ हा तुलनेने अलीकडचा शब्द. त्याचे रूप कर्मणि धातुसाधिताचे आणि अर्थ मात्र कर्तरी आहे. ‘जेवलेला पाहुणा’, ‘शिकलेला मुलगा’ असे सहज म्हणणाऱ्या मराठी भाषकाला त्यात विचित्र वाटण्याचे कारण नाही. अधिक महत्त्वाचे आहे ते त्याच्या आरंभीचे ‘आउट’. बोलणे बाहेर आले म्हणजे आत राहण्याची काही मर्यादा होती हे ओघानेच आले. निकालपत्र वाचणाऱ्या न्यायाधीशाला कोणी ‘आउटस्पोकन’ म्हणत नाही. तोच न्यायाधीश निवृत्तीनंतर जाहीर सभेत बोलू लागला की त्याला हे विशेषण लागते. ज्याने गप्प बसावे अशी अपेक्षा असते तोच बोलला तर ‘आउटस्पोकन’ होतो.

या वर्गातील सर्वांत प्रसिद्ध वाक्प्रचार, कुदळीला कुदळ म्हणण्याचा, भाषांतराच्या चुकीतून जन्मलेला आहे, आणि त्याची कथा या विषयाच्या गाभ्यालाच भिडणारी आहे. प्लूटार्कने मॅसिडोनियाच्या फिलिप राजाची एक आख्यायिका दिली आहे. ऑलिन्थस हे नगर फिलिपच्या हाती देणाऱ्या लॅस्थेनीझच्या मंडळींनी राजाकडे गाऱ्हाणे नेले की, तुमची माणसे आम्हांला फितूर म्हणतात. फिलिपचे उत्तर असे की, मॅसिडोनियाचे लोक पडले गावंढळ, काथवटीला काथवट म्हणण्यापलीकडे त्यांना काही येत नाही. मूळ ग्रीक शब्द ‘स्काफी’, म्हणजे काथवट, डोणी किंवा लहान होडी. त्याच्याशी मिळतेजुळते दुसरे एक ग्रीक पद खणण्याच्या हत्याराचे आहे. इरॅस्मसने लॅटिनमध्ये उतरविताना काथवटीच्या जागी कुदळ आणली, आणि निकलस यूडल याने १५४२ साली इरॅस्मसचे इंग्रजी भाषांतर केले तेव्हा ती कुदळ इंग्रजीत कायमची रुजली.

भाषांतरातील चुकीची गंमत विद्वान नेहमी सांगतात. त्या प्रसंगातील नाट्य मात्र सहसा दुर्लक्षिले जाते. फितुरीचा लाभ ज्याने घेतला तोच राजा फितुरांना फितूर म्हणवून घ्यावयास लावतो, आणि तेही स्वतःच्या तोंडाने नव्हे तर आपल्या ‘गावंढळ’ प्रजेच्या तोंडाने. येथे स्पष्टोक्ती हा अडाण्यांचा दोष म्हणून सांगितली जाते. ती उच्चारण्याची मोकळीक देणारा मात्र अत्यंत धूर्त मुत्सद्दी आहे. वाक्प्रचार सोळाव्या शतकात इंग्रजीत आला, आणि राकटपणाची कबुली देत अभिमान मिरवण्याची ही दुधारी वृत्तीही त्याच्याबरोबर आली. विसाव्या शतकात या वाक्प्रचारावर आणखी एक संकट आले. अमेरिकेत कुदळीचा हा इंग्रजी शब्द कृष्णवर्णीयांना उद्देशून अपशब्द म्हणून रूढ झाला, त्यामुळे मुळात वंशाशी काहीही संबंध नसलेला हा वाक्प्रचार तेथील अनेक लेखक टाळू लागले. स्पष्ट बोलण्याचे नाव असलेला वाक्प्रचारच स्पष्टपणे उच्चारता येईनासा झाला.

शेक्सपिअरने ही दुधारी वृत्ती जितक्या निर्दयपणे उघडी केली तितकी दुसऱ्या कोणी केली नसेल. ‘ज्यूलियस सीझर’मधील अँटनी जनसमुदायासमोर आपण साधा, ‘ब्लंट’ माणूस असल्याचे सांगतो, आणि हे सांगणाराच रंगभूमीवरील सर्वांत कसबी वक्ता असतो. बोथट पात्याची उपमा येथे तलवारीसारखी चालते. पण या प्रश्नाचा खरा विस्तार ‘किंग लिअर’मध्ये आहे. पहिल्याच प्रवेशात कॉर्डेलिया खोटी स्तुती नाकारते तेव्हा लिअर तिच्या वागण्याला तिने दिलेले आणि त्याने दिलेले अशी दोन नावे शेजारी शेजारी ठेवतो : ती ज्याला सरळपणा म्हणते तो त्याच्या लेखी गर्व आहे. रसेल यांनी ज्याचे विडंबन केले ते रूपचालन येथे एका राजाच्या मुखातून, कन्येचे राज्य हिरावून घेताना, गंभीरपणे चाललेले आहे. तिची बाजू घेणारा केंट हद्दपार होतो. पुढे तोच केंट वेष पालटून सेवक म्हणून येतो, तसेच सडेतोड बोलतो आणि कॉर्नवॉलच्या आज्ञेने खोड्यात अडकविला जातो. गुण तोच, मनुष्य तोच. सरदार होता तेव्हा त्याची शिक्षा हद्दपारी होती, चाकर झाल्यावर ती खोडा झाली. दर्जा बदलताच स्पष्टवक्तेपणाची किंमतही बदलते, हे दाखविण्यासाठी याहून नेमके कथानक सापडणे कठीण.

मात्र शेक्सपिअर तेवढ्यावर थांबत नाही. केंटला खोड्यात घालण्यापूर्वी कॉर्नवॉल जे बोलतो ते या विषयावरील इंग्रजीतील सर्वांत मार्मिक भाष्य असावे, आणि ते एका क्रूर माणसाच्या तोंडी घातलेले आहे. काही लोकांची एकदा ‘ब्लंट’ म्हणून वाहवा झाली की ते मुद्दाम राकट वागू लागतात. अशा सरळपणात वीस लवून बोलणाऱ्या खुशामतखोरांपेक्षा अधिक कावा लपलेला असतो, असा त्याच्या बोलण्याचा मथितार्थ आहे. केंटच्या बाबतीत हे साफ खोटे आहे. पण अँटनीच्या बाबतीत ते खरे आहे, आणि ज्याला सर्वजण ‘ऑनेस्ट’ म्हणतात त्या इयागोच्या बाबतीत तर अक्षरशः खरे आहे. विल्यम एम्प्सन यांनी १९५१ सालच्या ‘द स्ट्रक्चर ऑफ कॉम्प्लेक्स वर्ड्स’ या ग्रंथात ‘ऑथेल्लो’मधील या एका शब्दाचा माग ज्या चिकाटीने काढला, तिचा अवलंब हटवादाच्या शब्दांबाबतही व्हावयास हवा.

स्त्रीच्या बाबतीत हा शब्दसंग्रह थेट फौजदारी कायद्यात शिरला. ‘स्कोल्ड’ म्हणजे भांडखोर, तोंडाळ स्त्री. हा शब्द बहुधा प्राचीन नॉर्स भाषेतील ‘स्काल्ड’, म्हणजे कवी, या शब्दापासून आला. निंदाकवने रचणारा कवी ते कजाग बाई असा त्याचा प्रवास मानला जातो. इंग्लंडच्या देशविधीत तोंडाळपणा हा सार्वजनिक उपद्रवाचा गुन्हा होता आणि ब्लॅकस्टनने आपल्या भाष्याच्या चौथ्या खंडात नमूद केल्याप्रमाणे कायद्याच्या लॅटिनमध्ये गुन्हेगाराचे नाव केवळ स्त्रीलिंगीच होते. शिक्षा म्हणजे खुर्चीला बांधून पाण्यात बुचकळणे. १८२९ साली वॉशिंग्टन येथे ॲन रॉयल या प्रवासवर्णनकार लेखिकेवर याच गुन्ह्याचा खटला होऊन तिला दहा डॉलर दंड झाला. शेजारच्या एका धर्ममंडळीशी तिचे वैर होते आणि ते ती उघड बोलून दाखवीत असे. इंग्लंडात हा गुन्हा रद्द झाला तो १९६७ च्या फौजदारी कायद्याने. ‘श्रू’ या शब्दाची कथाही अशीच. चिचुंद्रीसारख्या एका क्षुद्र प्राण्याचे हे नाव मध्ययुगात दुष्ट पुरुषालाही लागत असे. पुढे ते स्त्रीपुरते उरले. त्याच्यापासूनच निघालेला ‘श्रूड’ हा शब्द मात्र दुष्टपणा टाकून देऊन चाणाक्षपणाचा वाचक झाला, आणि तो व्यापाऱ्यांना व मुत्सद्द्यांना शोभू लागला. ‘टेमिंग ऑफ द श्रू’च्या शेवटी पेट्रुशिओ वठणीवर आणलेल्या पत्नीला इतर ‘हेडस्ट्राँग’ स्त्रियांना पतिधर्म शिकविण्याची आज्ञा करतो. वासुदेव बाळकृष्ण केळकर यांनी हे नाटक मराठीत आणताना ‘त्राटिका’ हे नाव दिले, तेव्हा चिचुंद्रीची एकदम राक्षसीण झाली. रंगभूमीच्या दृष्टीने ते नाव समर्पकच होते. परंतु मूळ शब्दात जो तुच्छतेचा भाव आहे तो राक्षसिणीच्या भयंकरतेत हरवला, हेही मान्य केले पाहिजे.

या पार्श्वभूमीवर जेन ऑस्टेनचे कार्य किती सूक्ष्म आहे ते कळते. ‘प्राइड अँड प्रेजुडिस’ (१८१३) या कादंबरीच्या छप्पन्नाव्या प्रकरणात लेडी कॅथरिन ही थोर घराण्यातील बाई एलिझाबेथच्या घरी येऊन तिने डार्सीशी विवाह करणार नाही असे वचन द्यावे म्हणून हटून बसते. एलिझाबेथ वचन देत नाही, तेव्हा ती बाई एका दमात तिला ‘ऑब्स्टिनेट’ आणि ‘हेडस्ट्राँग’ ठरवून मोकळी होते. प्रसंग विनोदी आहे, कारण वाचकाच्या लक्षात येते की तेथील खरी हटवादी व्यक्ती विशेषणे देणारीच आहे. दुसऱ्याच्या घरात शिरून ती सांगते ते मान्य होईपर्यंत न हलणारी ती. पण हे विशेषण तिला लावण्याइतका तिच्याहून वरचा कोणी तेथे हजर नाही. धर्मपीठाने आरोपीवर ठेवावा तसा तो शब्द येथे बागेत उच्चारला जातो. चितेच्या जागी आता सामाजिक बहिष्काराची धमकी आहे, एवढाच फरक.

बहुतेक टीकाकार या प्रकरणातील संवादावरच समाधान मानतात. पण ऑस्टेनची खरी करामत दोन प्रकरणांनंतर, अठ्ठावन्नाव्यात आहे. लेडी कॅथरिन तेथून निघून थेट भाच्याकडे जाते आणि एलिझाबेथच्या आडमुठेपणाचा पुरावा म्हणून तिचे एकेक वाक्य त्याला ठासून ऐकविते. परिणाम उलटा होतो. डार्सीच्या मनात आशा उत्पन्न होते, कारण एलिझाबेथने आपल्याला कायमचे नाकारले असते तर ते ती मावशीला ‘फ्रँक’पणे सांगून मोकळी झाली असती, हे तो जाणतो. तीच वाक्ये, त्याच क्रमाने, एका निवेदकाच्या मुखातून दुसऱ्या श्रोत्याच्या कानी जातात. मावशीने ज्याला हेकेखोरपणा म्हणून सांगितले ते भाच्याला मनमोकळेपणा म्हणून ऐकू येते. आणि कथानक त्यावरच फिरते. मावशी आली नसती तर डार्सी दुसऱ्यांदा मागणी घालण्यास धजला असता की नाही याची शंका आहे. रसेल यांच्या रूपचालनात श्रोत्याला स्थान नव्हते. ऑस्टेनने ते दिले.

‘पर्सुएजन’ या तिच्या मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या कादंबरीत प्रश्न अधिक गंभीर होतो, कारण येथे संशय खुद्द ‘फर्म’ या स्तुतिवाचक शब्दावरच घेतला आहे. ॲन एलियटने एकोणिसाव्या वर्षी हितचिंतकांचे ऐकून वाङ्‌निश्चय मोडला. आठ वर्षांनी परतलेला वेंटवर्थ तिच्या लवचिकपणावर मनातून रुष्ट आहे. लुइझा मस्ग्रोव्हशी बोलताना तो एक टणक, न किडलेले हेझलनट हाती घेऊन मनाच्या दृढतेची स्तुती करतो, आणि कुंपणापलीकडे बसलेल्या ॲनच्या कानी ती पडते. लुइझा हा धडा मनापासून घेते. लाइम रीजिसच्या धक्क्यावर, तो नको म्हणत असताना, ती ‘मी ठरविले आहे’ या भावनेने पुन्हा उडी मारते व डोके आपटून बेशुद्ध होते. दृढतेलाही प्रमाण व सीमा असावी की काय, हे आता तरी त्याच्या ध्यानात आले असेल काय, असा प्रश्न परतीच्या वाटेवर ॲनच्या मनात येतो. कादंबरीच्या अखेरीस वेंटवर्थ तत्त्वनिष्ठ स्थैर्य आणि स्वेच्छेचा हट्ट यांतील भेद शिकल्याची कबुली देतो. हा भेद त्याला कोणत्याही कोशातून शिकता आला नसता, कारण लुइझाच्या वृत्तीला तो स्वतःच ‘फर्मनेस’ म्हणत आला होता, आणि ॲनने लग्न नाकारून जे दुःख पत्करले त्याला इंग्रजीत नावच नव्हते. योग्य वेळी नमते घेणाऱ्या माणसासाठी रॉजेच्या जोड्यांत घर नव्हते, याची आठवण येथे होते. ते घर ऑस्टेनने पस्तीस वर्षे आधीच एक अख्खी कादंबरी लिहून बांधले होते.

युद्धातून आलेल्या वाक्प्रचारांचा विचार थोडक्यात करता येईल. आपल्या तोफांना चिकटून राहणे, निशाण डोलकाठीला खिळ्यांनी ठोकणे यांत हट्ट हा शौर्याचा समानार्थी आहे. त्यांतील ‘डायहार्ड’ या शब्दाचे भाग्य मात्र चमत्कारिक. १६ मे १८११ रोजी स्पेनमधील आल्बुएराच्या लढाईत जखमी झालेल्या कर्नल इंग्लिसने सत्तावन्नाव्या पलटणीला झुंजत मरण्याचे आवाहन केले आणि ती पलटण या नावाने गौरविली गेली. बरोबर शंभर वर्षांनी, १९११ साली, उमरावसभेचे अधिकार कमी करणाऱ्या विधेयकाला अखेरपर्यंत विरोध करणाऱ्या लॉर्डांना हेच नाव मिळाले. त्यांनी ते अभिमानाने घेतले, विरोधकांनी उपहासाने दिले. १९३० नंतरच्या दशकात हिंदुस्थानला स्वराज्याचे हप्ते देण्यास विरोध करणाऱ्या चर्चिलप्रभृतींना ते लागले तेव्हा त्यातील रणांगण पुसले जाऊन केवळ हेका उरला होता.

बाथच्या स्त्रीने जो मार्ग दाखविला तो अलीकडच्या इंग्रजीत राजमार्ग झाला आहे. १९७६ च्या जानेवारीत सोव्हिएत सैन्याच्या वृत्तपत्राने मार्गारेट थॅचर यांना टोमणा म्हणून ‘आयर्न लेडी’ म्हटले, आणि त्यांनी त्याच महिन्यात आपल्या मतदारसंघातील भाषणात तो किताब सहर्ष स्वीकारला. २०१६ च्या जुलैत केनेथ क्लार्क यांनी ध्वनिग्राहक चालू आहे याची कल्पना नसताना थेरेसा मे यांचे वर्णन ‘भलतीच अवघड बाई’ अशा अर्थाच्या शब्दांत केले. पुढे मे यांनी ते शब्द प्रचारात वापरले. ७ फेब्रुवारी २०१७ रोजी अमेरिकेच्या सिनेटमध्ये एलिझाबेथ वॉरन यांना बोलण्यापासून थांबविण्यात आले. त्यांना ताकीद दिली, समजावून सांगितले, तरीही त्या थांबल्या नाहीत, असे बहुमताचे नेते मिच मॅकॉनल यांनी सांगितले. पाखंडी ठरविण्याच्या जुन्या व्याख्येतील सर्व पायऱ्या त्या विधानात क्रमाने आल्या आहेत : चूक दाखविली, समज दिली, तरी आरोपी अढळ. पण मॅकॉनल यांनी क्रियापद वापरले ते ‘पर्सिस्ट’, आणि त्याला निंदेची किनार पुरेशी नव्हती. दुसऱ्या दिवसापर्यंत तेच क्रियापद वॉरन यांच्या समर्थकांचे घोषवाक्य झाले.

इंग्रजीच्या या शब्दसंग्रहाला एका ठिकाणी भारतीय भाषांकडून उसने घ्यावे लागले. दक्षिण आफ्रिकेतील लढ्याला ‘पॅसिव्ह रेझिस्टन्स’ हे नाव गांधीजींना अपुरे वाटले, कारण तो दुर्बलांचा नाइलाज आहे असा त्यातून समज होई. १९०८ च्या सुमारास ‘सत्याग्रह’ हा शब्द रूढ झाला आणि तो तसाच इंग्रजी कोशांत गेला. मराठी वाचकाला त्यातील ‘आग्रह’ हा ओळखीचा आहे. पंगतीत वाढणाऱ्याचा आग्रह, दुराग्रह, पूर्वग्रह, सत्याग्रह हे सारे एकाच धातूचे. त्यांचे मूल्य उपसर्गावर ठरते. मराठीला स्वतःचे रूपचालनही आहे : स्वतःविषयी ‘ठाम’, समोरच्याविषयी ‘हट्टी’, पाठीमागे ‘हेकट’. ज्याच्याविषयी आदर दाखवावयाचा तो ‘करारी’ किंवा ‘बाणेदार’. आणि पुरुष ‘स्पष्टवक्ता’ असतो तेथे स्त्री बहुधा ‘फटकळ’ ठरते. बालहट्ट, स्त्रीहट्ट व राजहट्ट ही त्रयी सांगणाऱ्या समाजाने राजाला स्त्री व बालक यांच्या पंक्तीस बसविले हे विशेष. इंग्रजीत राजाच्या हट्टाला इतक्या सहज असे नाव मिळत नाही.

म्हणूनच लेडी कॅथरिनच्या दोन विशेषणांचे मराठी करणे हे वाटते तितके सोपे नाही. ‘हट्टी’ येथे मुळीच चालणार नाही; मराठीत वडीलधारी बाई मुलीला हट्टी म्हणते त्यात अर्धे कौतुक असते. ‘उद्धट’ म्हटले तर दर्जाचा भाव येतो पण चिकटून राहण्याचा जातो. ‘ऑब्स्टिनेट’साठी ‘दुराग्रही’ हा शब्द त्यातल्या त्यात बरा, कारण त्यात उच्चासनावरून दिलेल्या निकालाचा स्वर आहे, आणि पुढे डार्सीच्या कानी त्यातला ‘आग्रह’ तेवढा पडू शकतो. ‘हेडस्ट्राँग’ची अडचण मात्र शिल्लक राहते. ‘स्वच्छंदी’ फार हलका, ‘मस्तवाल’ फार जड; आणि ‘मनस्वी’ हा जवळचा शब्द मराठीने कलावंतांसाठी राखून ठेवला आहे.